आधी शत्रू पाळा

भोकरदनहून समुद्र बघायचा तर रात्री एसटीत बसायचं आणि सकाळी मुंबईत डोळे चोळत उतरायचं. त्यामुळे पुण्याच्या भाच्याचा फोन आला, "मामा, टाकीत किडीनं उच्छाद मांडलाय," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गच्चीवरची टाकी आणि डासांच्या अळ्याच आल्या. म्हटलं, गप्पी मासे सोड. आपल्याकडं आरोग्य खात्याची माणसं हौदात सोडतात तेच. तो म्हणाला, "मामा, टाकी समुद्राची आहे."

तर या पोरानं पुण्यातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये समुद्र मांडला होता. लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबानं मीठ, पंचवीस-सव्वीस अंशांचं पाणी, भोकाभोकांचे दगड, दगडांवर मऊ प्रवाळ आणि पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे. दगडी प्रवाळ नाही, हे त्यानं न विचारता सांगितलं. २००१ पासून दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यापुढं तो आणि वाघ एका पंक्तीला.

आणि कीड म्हणजे काय? फूल! करंगळीएवढं, तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं समुद्रफूल. दिसतं फूल, असतो प्राणी. नाव ऐप्टेशिया. दगडाच्या भोकात लपून फुकट येतं आणि बघता बघता टाकी बळकावतं. शेजारच्या प्रवाळाला डंख मारतं, माशांचा चारा आयता पळवतं.

"मग उपटून टाक की."

"उपटलं की दहा होतात."

हे ऐकलं आणि मला ओळख पटली. ही तर हरळी! हरळीची काडी मातीत राहिली की वावर गेलं. हिचा कारभार तर हरळीच्या वरताण. हात लावला की आकसून दगडाच्या भोकात शिरते. ओढून काढली तर तळव्याचा कण मागं राहतो आणि त्या कणातून नवं फूल उगवतं. इतकंच काय, नुसती सरकत निघाली तरी वाटेत तळव्याचे तुकडे सांडत जाते आणि मागं पिल्लांची रांग लागते.

टाकीवाले लोक इंजेक्शनची सुई घेऊन हिच्या मागं लागतात. सुईत काय भरतात? लिंबाचा रस, उकळतं पाणी, नाहीतर चुना. पानाला लावतो तोच चुना, रसायनाच्या हिशेबानं. एवढं करूनही काही फुलं वाचतात, आणि वाचलेल्या दोनांची महिन्याभरात वीस होतात.

फूल खाणारी गाय

शेवटी भाच्यानं मुंबईच्या एका शौकिनाकडून सहा बर्घिया आणल्या. बर्घिया म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. जास्तीत जास्त बोटाच्या दोन पेरांएवढी लांब, पाठीवर मऊ बोटांचं जंगल. हिच्या ताटात एकच पदार्थ चालतो, ऐप्टेशिया. दुसरं काही पुढं ठेवलं तरी उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. असा काटेकोर उपास तर आमच्या आजीनं चातुर्मासातही केला नाही.

खरी मजा पुढं आहे. ऐप्टेशियाच्या अंगात डंखाच्या सूक्ष्म कुप्या असतात. बर्घिया फूल खाते, पण त्यातल्या काही कुप्या फुटू न देता गिळते आणि पाठीवरच्या बोटांच्या टोकांत नेऊन साठवते. मग कुणी तिला चावायला आलं की त्याच कुप्या त्याच्या तोंडात फुटतात. गांधीलमाशी खाऊन तिची नांगी स्वतःच्या पाठीत बसवून घेणारं जनावर जमिनीवर मी तरी पाहिलेलं नाही.

बर्घिया हे नाव रुडॉल्फ बर्घ या डॅनिश डॉक्टरावरून पडलं. हा गृहस्थ १८२४ ते १९०९ या काळातला. पेशानं कोपनहेगनमध्ये गुप्तरोगांवर उपचार करायचा आणि उरलेला जन्म समुद्री गोगलगायी चिरून बघण्यात घालवायचा. तिकडं त्याच्या नावाचं रुग्णालयही झालं. टाकीतल्या फुलांवर ताव मारणारी जी जात आहे, तिला स्वतःचं शास्त्रीय नाव मात्र २००५ मध्ये, फ्लोरिडाच्या नमुन्यांवरून मिळालं. तोवर बाजारात ती दुसऱ्याच एका बहिणीच्या नावावर खपत होती. आणि ऐप्टेशियाचं नाव १८५८ मध्ये कुणी ठेवलं? फिलिप हेन्री गॉसनं. ज्यानं चार वर्षं आधी पुस्तक लिहून 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला तोच हा. ज्यानं हौस लावली त्यानंच हौसेच्या शत्रूचं बारसं केलं.

असल्या गोगलगायी बघायला फ्लोरिडालाच जावं लागतं असंही नाही. मुंबईत ओहोटीच्या वेळी हाजीअलीच्या खडकांवर त्यांचे भाऊबंद दिसतात. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना किनाऱ्यावर फिरवून त्या दाखवतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत असताना डॉ. दीपक आपटे यांनी तर भारतातल्या समुद्री गोगलगायींच्या अभ्यासात वर्षं घातली आहेत.

भाचा म्हणाला, "मामा, सहानं भागणार नाही. वाढवाव्या लागतील. आणि त्यांना वाढवायचं तर..." इथं तो अडखळला. "तर आधी ऐप्टेशिया वाढवावं लागेल. बादलीत. मुद्दाम."

मी हसलो. लेका, तू आता कुठं मित्रकीड शिकतोयस. आमच्याकडं हा धंदा जुना आहे.

पोस्टकार्डावर वीस हजार

कपाशीच्या वावरात पानाच्या पाठीला कागदाची पट्टी टाचलेली दिसली तर ती लेबल समजून ओढू नका. ते ट्रायकोकार्ड आहे. बोट फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखं लागतं, बघितलं तर काळी खसखस चिकटवल्यासारखं दिसतं. एक दाणा म्हणजे एक अंडं. एका कार्डावर साधारण वीस हजार. पट्ट्या कापायच्या, सावलीच्या बाजूनं पानाला टाचायच्या, एकरी तीन कार्डं.

अंडी पतंगाची आहेत आणि आत वाढतंय दुसऱ्याच कुणाचं पोर. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची चिमुकली भावकी, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपासची. पूर्णविरामाच्या टिंबावर आरामात मावेल. ही बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. अळी जन्मायच्या आधीच आतून खाल्ली जाते. तीन-चार दिवसांत अंडं काळं पडतं, आठवड्याभरात त्यातून अळीऐवजी माशी निघते आणि पुढच्या अंड्याच्या शोधाला लागते. शेंदरी बोंडअळीसारखं, एकदा बोंडात शिरलं की फवाऱ्याला न सापडणारं जनावर असेल, तर त्याला अंड्यातच गाठणं हाच शहाणपणा. बीटी कपाशी २००२ मध्ये आली तेव्हा बियाण्याच्या या जालना जिल्ह्यात बोंडअळी आता इतिहासजमा झाली असं वाटत होतं. २०१७ च्या हंगामात शेंदरी अळीनं बीटीलाही जुमानलं नाही, आणि फरदडीच्या बोंडांत काय काय निघालं ते इथं कुणाला सांगायला नको.

पण ट्रायकोग्रामा वाढवायची कशावर? बोंडअळीची इतकी अंडी रोज कुठून आणणार? म्हणून प्रयोगशाळेत तांदळावरचा पतंग पाळतात. कोठीतल्या धान्याला जाळी करणारा तोच तो नतद्रष्ट. बायका ज्याच्या नावानं धान्य उन्हात घालतात, त्याला इथं ज्वारीची ताजी भरड मिळते. ट्रेला अडीच किलो, वर पौष्टिक खुराक म्हणून शेंगदाण्याची भरड आणि यीस्ट. भरड आधी तापवून निर्जंतुक केलेली. म्हणजे किडीला आपल्यापेक्षा स्वच्छ जेवण! चाळीस दिवसांत पतंग निघतात, अंडी देतात. ती अंडी चाळून, अतिनील दिव्याखाली धरून त्यांतला जीव मारतात, नाहीतर अळ्या निघून शेजारची अंडी फस्त करतील. मग डिंकानं कार्डावर चिकटवतात आणि ट्रायकोग्रामाला पंगतीला बसवतात. पतंगाच्या पंखांची पूड इतकी उडते की काम करणारे तोंडाला फडकं बांधतात. दम्याच्या माणसानं तिकडं फिरकू नये.

कार्डाचे दोन वैरी आहेत. एक मुंग्या, त्या खसखस समजून की काय, अंडी उचलून नेतात. दुसरा आपणच. सोमवारी कार्ड टाचायचं आणि बुधवारी शेजारी फवारतोय म्हणून आपणही पंप पाठीला लावायचा. मी हे एका वर्षी केलंय. वीस हजार पाहुणे बोलावले आणि दारातच विष पाजलं.

बाटलीवर लिहिलंय, अडीचशे आजारी

बदनापूरच्या संशोधन केंद्राची तूर आपल्या पट्ट्यात घरोघरी असते, आणि तुरीच्या शेंगेत घाटेअळी. तिच्यावरचं एक औषध म्हणजे विषाणू, एचएएनपीव्ही. त्याचं माप नुसतं मिलीत किंवा ग्रॅममध्ये सांगत नाहीत. हेक्टरी अडीचशे एलई, असं सांगतात. एलई म्हणजे 'अळी तुल्य'. सरळ मराठीत, अडीचशे आजारी अळ्यांच्या अंगात जेवढा विषाणू सापडेल तेवढा. जगातल्या कुठल्या औषधाचं माप रोग्यांच्या संख्येत असेल?

अर्थात तो विषाणू जिवंत अळीतच वाढतो. म्हणजे पुन्हा तेच. घाटेअळी पाळा, धष्टपुष्ट करा, मग आजारी पाडा. वर या अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला स्वतंत्र खोली. रोग लागलेली अळी शेंड्याकडं चढते आणि मागच्या पायांवर उलटी लोंबकळत मरते. वावरात अशी लोंबणारी काळी अळी दिसली तर काढून टाकू नका, तो फुकटचा कारखाना आहे.

भोपळ्यात वाढलेला लांडगा

द्राक्षावरच्या पिठ्या ढेकणाला खाणारा एक ऑस्ट्रेलियन ढालकिडा आहे, क्रिप्टोलेमस. १८९८ मध्ये तो दक्षिणेत कॉफीच्या किडीवर म्हणून आणला. कॉफीवर फार काही दिवे लावले नाहीत, पण पिठ्या ढेकूण मात्र आवडीनं खायला लागला. याला वाढवायचं तर लाल भोपळा घ्यायचा. त्यावर पिठ्या ढेकूण सोडायचे, भोपळा पांढराफटक होऊ द्यायचा आणि मग पिंजऱ्यात ढालकिडे. एका भोपळ्यात चांगली मोठी पंगत उठते.

गंमत म्हणजे याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते. तीच पांढरी मेणचट झालर, फक्त आकारानं मोठी आणि पायानं चपळ. शेतकरी बघतो आणि "हा तर बापच निघाला" म्हणून आधी हिलाच चिरडतो.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची हकिकत याच घराण्यातली. तो २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पोचला. २०१० मध्ये बंगळुरूच्या एका संस्थेनं थेट प्वेर्तो रिकोहून त्याचा परोपजीवी मागवला. त्यालाही आधी ढेकूण लागले, आणि ढेकणाला कोंब फुटलेले बटाटे.

जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांचा बाजार भरतो, म्हणून हेही सांगून ठेवतो. तिथं तर तीन मजले आहेत. तळाला आपण मुद्दाम पाळलेली अळी. तिच्यावर उझी माशी अंडी घालते. उझीच्या कोषात अंडी घालायला निसोलिंक्स नावाची आणखी चिमुकली माशी सोडतात, आणि ती वाढवतात घरमाशीच्या कोषांवर. म्हणजे रेशमी साडीसाठी कुणीतरी कुठंतरी घरमाशा पाळत बसलेलं असतं. लग्नात नेसणाऱ्यांना हे सांगू नका.

ज्यांचा शत्रू पाळावा लागत नाही

गाजरगवताचा प्रश्नच नाही, ते न पाळता पिकतं. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत भरलं, आता बांध, रस्ता, शाळेचं मैदान, सगळं त्याचंच. त्याच्यावरचे मेक्सिकन भुंगेरे १९८३ मध्ये बंगळुरूला आणले. पहिला पाऊस झाला की जमिनीतून वर येतात, गवताची चाळण करतात आणि पुढं मातीत जाऊन झोपतात. मधे एकदा कर्नाटकात ते सूर्यफुलावर दिसले आणि एकच ओरड झाली. बघितलं तर पानांवर गाजरगवताचे परागकण उडून बसले होते, त्या वासानं मंडळी फसली होती. परभणीच्या कृषी विद्यापीठात हे भुंगेरे मिळतात. आणताना डब्याला भोकं पाडायला विसरू नका.

आणि फड्या निवडुंगाची गोष्ट तर चुकून जिंकलेल्या लढाईची. १७९५ मध्ये इंग्रजांनी ब्राझीलहून लाल रंग देणारा कोचिनीलचा किडा बंगालमध्ये आणला. आला भलताच भाऊ. रंग भिकार, पण भूक जबर. त्यानं निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. मग १९२६ मध्ये दुसऱ्या जातीसाठी दुसरा किडा, यावेळी ठरवून. जुनी माणसं सांगतात ती निवडुंगाची गच्च कुंपणं आता दिसत नाहीत, त्यामागं हा किडा आहे. ऑस्ट्रेलियात निवडुंग खाणाऱ्या पतंगाच्या नावानं बूनार्गा गावात १९३६ मध्ये चक्क सभागृह बांधलं. आपल्याकडं आमदारनिधीतून अजून तरी कुणी ट्रायकोग्रामा भवन सुचवलेलं नाही.

पांढऱ्या चकल्या

इकडं पुण्यात काय चाललं होतं? दिवसा सहाच्या सहा गोगलगायी गायब. या रात्रीच्या राण्या. भाचा रात्री दोनला लाल बॅटरी लावून टाकीपुढं मांडी घालून बसायचा. मोठं फूल दिसलं की एकटी दबकत जाते, डंख बसला तर मागं सरते, पुन्हा जाते. टाकीत तिला खाणारे मासे असतील तर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून त्यानं तीन बरण्या वेगळ्या केल्या. बरणीत दोन-दोन गोगलगायी, रोज पाणीबदल आणि रोज ताजी फुलं.

जोडी कशी लावलीस म्हणून विचारलं तर म्हणाला, लावायची नसतेच. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी. दोघी भेटल्या की दोघीही अंडी देतात. पुढं संशोधकांनी असंही पाहिलंय की अंडी द्यायच्या वयात येण्याआधीच त्या हा व्यवहार उरकून घेतात आणि बीज साठवून ठेवतात. पत्रिका बघायला वावच नाही.

अंडी म्हणजे काचेवर चिकटलेली पांढरी चकली. दोऱ्यासारखी माळ, गोल गोल वळलेली, एका चकलीत शेकडो अंडी. त्यानं फोटो पाठवला, त्याच्या आईनं, माझ्या ताईनं, "फराळ कधी केलास?" म्हणून विचारलं. साधारण बारा दिवसांत चकली विरते आणि बरणीत धूळ पडल्यासारखं दिसतं. ती धूळच पिल्लं. पहिले काही दिवस अंड्यातली शिदोरी पुरते. मग बारीक फुलं लागतात, अगदी बारीक, कारण मोठं फूल पिल्लालाच खातं. जेवण जेवणाऱ्याला खाऊ शकतं अशी पंगत आणखी कुठं असेल? दोन महिन्यांत पिल्लं पुन्हा चकल्या घालायच्या वयाची.

बाष्पीभवनाचाही एक घोळ आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज कमी झालेलं पाणी साधंच घालायचं, खारं नाही. भाच्यानं पहिल्या आठवड्यात खारं घातलं आणि एक बरणी गमावली. भोकरदनच्या मे महिन्यात ही हौस केली तर बरण्यांपुढं माणूस पगारानं बसवावा लागेल.

तसा समुद्र आपल्याला परका नाही म्हणा. केळना नदीकाठचं आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची-भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत इथली नावं कोरलेली आहेत. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. तिची जवळची नातलग १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेत सापडली होती. तिथला ज्वालामुखी इसवी सन ७९ चा. म्हणजे तोवर दख्खनमधला माल बंदरावरून परदेशी पोचत होता. तेव्हा तिकडून एक गोगलगाय इकडं आली तर बिघडलं कुठं.

तीन महिन्यांत भाच्याची मोठी टाकी साफ झाली. एकही ऐप्टेशिया उरलं नाही. तसा त्याचा फोन आला, पण आवाज रडवेला.

"अभिनंदन की रे."

"मामा, चाळीस गोगलगायी झाल्यात. खायला फुलंच नाहीत."

बादलीतला साठा संपला होता. ज्या फुलाला सहा महिने शिव्या घातल्या, त्यासाठी पोरगं आता पुण्यातल्या टाकीवाल्यांना फोन करत होतं: तुमच्याकडं ऐप्टेशिया आहे का हो? मारू नका, मी न्यायला येतो. काहींनी उलट त्याच्याकडूनच गोगलगायी मागितल्या. दहा एकाला, पाच दुसऱ्याला अशा खपल्या, तेवढा भार हलका झाला. उरलेल्यांसाठी त्यानं गॅलरीत नवी बादली मांडली. दोन-चार फुलं कुणाकडून तरी मिळाली. आता त्यांना वाढवायचं, म्हणून रोज मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची अंडी उबवतो, चोवीस तासांत ती फुटतात, ड्रॉपरनं एकेका फुलाला भरवतो.

दिवाळीत गेलो तेव्हा सकाळी सकाळी तो बादलीवर वाकलेला. मी दारात पिशवी घेऊन उभा. आतून ताईचा आवाज आला, "अरे, मामा आलाय. त्या किडीला भरवून झालं असेल तर त्यालाही चहाचं विचार."